पोच

घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला मराठीत ‘जातो’ म्हणायची सोय नाही. कोणी चुकून म्हणालंच, तर आतून, बहुतेक स्वयंपाकघरातून, ताबडतोब दुरुस्ती होते, ‘येतो म्हणावं.’ त्यामुळे आमच्या घरातून आजवर कोणी गेलेलंच नाही. मुलगी ठाण्याला येते म्हणाली, मुलगा बंगळूरला येतो म्हणाला, आणि घरात मी आणि नवरा असे दोघंच उरलो. त्या ‘येतो’च्या मागोमाग माझं एक वाक्य ठरलेलं असतं. हातावर दही ठेवून झालं, ते चाटून होईपर्यंत पिशवीत लाडवांचा डबा कोंबून झाला, चपला घालून झाल्या, लिफ्टचं दार लागत आलं, की उरलेल्या चार बोटांच्या फटीतून मी ते वाक्य आत सोडते, ‘पोचलास की कळव.’ एवढ्या वर्षांत ते इतक्या वेळा म्हणून झालंय, की परवा कचरा न्यायला आलेल्या मुलालाही म्हणाले. त्यानं मान डोलावली. आमच्या मुलापेक्षा त्याची मान जास्त मनापासून डोलली, असं मला वाटलं.

‘पोच’ हा शब्द मला फार आवडतो. दोन अक्षरांत केवढा संसार मांडून बसलाय. पैसे भरले की मिळते ती पोच. चारचौघांत काय बोलावं, किती बोलावं हे कळतं तीही पोच, आणि ती नसली की माणसाला पावती मिळत नाही, शेरा मिळतो. अनेक घाटांचं पाणी प्यायलेला माणूस पोचलेला. पाहुण्याला स्टँडपर्यंत सोडायला जायचं ते पोचवायला. आणि आईच्या कोशात या सगळ्यांच्या वर एक अर्थ बसलेला, जो कुठल्याच छापील कोशात नीट सापडायचा नाही: दुसऱ्या गावी गेलेलं माणूस दाराची कडी वाजवतं त्या क्षणी, शंभर मैलांवरच्या एका बाईच्या छातीवरचं काहीतरी खाली उतरतं, ती पोच.

१९८२ साली मी साताऱ्याहून पुण्याला शिकायला आले आणि वसतिगृहात राहू लागले. अंतर म्हणाल तर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. पण वाटेत खंबाटकीचा घाट, पुढे कात्रजचा, आणि आईच्या मनात या दोन घाटांच्या मध्ये आणखी पाच-सहा घाट, जे नकाशावाल्यांच्या नजरेतून सुटले होते. बाबांनी मला पोस्टकार्डांची गड्डी दिली. तेव्हा कार्ड १५ पैशांना मिळायचं. मुलीचा आळस ओळखून त्यांनी प्रत्येकावर घरचा पत्ता आपल्या टपोऱ्या अक्षरात आधीच लिहून ठेवला होता. मला फक्त ‘सुखरूप पोचले. काळजी नसावी’ एवढं लिहून ते पेटीत टाकायचं होतं. पहिल्या खेपेला मी ते तीन दिवस वहीत विसरले. मग टाकलं, ते आणखी दोन दिवसांनी पोचलं. त्या पाच दिवसांत आईनं काय केलं हे मला पुढं धाकट्या भावाकडून कळलं: तिनं काहीच केलं नाही. तेच त्यानं घाबरून सांगितलं. आमची आई म्हणजे हात रिकामा ठेवणं ठाऊक नसलेली बाई, तांदूळ निवडून झाले तर निवडलेलेच पुन्हा निवडणारी. ती म्हणे संध्याकाळ झाली की उंबऱ्यात नुसती बसायची.

मग मी एक युक्ती काढली. रविवारी संध्याकाळी बाबा मला साताऱ्याच्या स्टँडवर पोचवायला यायचे. गाडी लागली रे लागली, की ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावायचे, आणि तेवढ्या वेळात मी स्टँडवरच्या लाल पेटीत कार्ड टाकायची: ‘सुखरूप पोचले. काळजी नसावी.’ अजून मी गाडीतसुद्धा चढलेली नसायची. कंडक्टर चहा पीत असायचा, चाकाखाली कुत्रं झोपलेलं असायचं, आणि माझं सुखरूप पोचणं पेटीच्या तळाशी जाऊन निवांत पडलेलं असायचं. गावातल्या गावात टपाल झटपट फिरायचं; मंगळवारी दुपारी आईच्या हातात माझी पोच. अडीच वर्षं हा उद्योग चालला. शिक्का अर्थातच साताऱ्याचा असायचा. पण शिक्का कोण बघतं? बाबांच्या लक्षात आलं असावं असा मला संशय आहे, कारण एकदा गाडीच्या खिडकीशी उभं राहून ते सहज म्हणाले, ‘काय, पोचलीस ना?’ आणि पुढं काही न बोलता फलाटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. आईला मात्र अक्षर दिसलं की पुरे, असं मी धरून चालले. माणूस स्वतःच्या चलाखीवर किती वर्षं खुश राहू शकतो, हे एक नवल आहे.

तसं बघितलं तर आमच्या घराण्यात पोच देण्याची परंपरा गोंधळाचीच. काका पहिल्यांदा नोकरीवर रुजू व्हायला नागपूरला गेले, तेव्हा त्यांनी हौसेनं तार केली. त्या काळी तार म्हणजे एकच अर्थ. तारवाला वाड्याच्या दिंडीतून आत शिरलेला बघूनच आजीनं रडायला सुरुवात केली. मजकूर इंग्रजीत, वाड्यात इंग्रजी येणारे एकच मास्तर, ते शाळेत. ते येईपर्यंत शेजारच्या दोघी आजीला धरून बसल्या, तिसरीनं चूल विझवली आणि एका दूरच्या आत्याबाईंनी काकांच्या लहानपणीच्या गोष्टी भूतकाळात सांगायला घेतल्या. मास्तरांनी घाम पुसत वाचलं आणि जाहीर केलं, चिरंजीव सुखरूप पोचले. आजीचा राग मग दिवाळीपर्यंत टिकला. जिवंत आहे हे सांगायला मेल्याच्या गाडीनं कशाला यायचं, असं तिचं म्हणणं. जुलै २०१३ मध्ये तारसेवा कायमची बंद झाली आणि शेवटची तार पाठवायला लोक हौसेनं रांगा लावून उभे राहिले, तेव्हा मला आजी आठवली. ती असती तर तिनं त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी आधी निरोप धाडला असता.

पुढं शेजाऱ्यांकडे फोन आला आणि पत्रिकेवर आमच्या नावापुढं त्यांचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून मिरवू लागला. पोचल्याची खूण ठरली: दोन रिंगा देऊन ठेवायचा. शेजारच्या काकूंनी उचलायचा नाही, फक्त मोजायचा आणि खिडकीतून ओरडून सांगायचं, ‘दोन वाजल्या हो!’ आणि घड्याळात पाच वाजलेले असले तरी आई समाधानानं म्हणायची, ‘बरं झालं.’ मोबाइल आला तेव्हा सुरुवातीला आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, त्यामुळे त्या रिंगांना इंग्रजी नाव मिळालं, एवढाच काय तो फरक. एक शब्द न बोलता, एक पैसा न देता माणसाच्या सुखरूपतेची बातमी गावोगाव फिरवणारी ही विद्या मला तरी फार थोर वाटते.

आणि एकदा रिंग वाजलीच नाही. २६ जुलै २००५. नवरा कामासाठी अंधेरीला गेला होता, रात्री मुलुंडला बहिणीकडे उतरायचा होता. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मला नंतर कळलं. त्या रात्री फक्त एवढं कळत होतं की कुठलाच फोन लागत नाही. मुलं झोपली. मी पोळ्यांची कणीक मळली, झाकून ठेवली, उघडून पुन्हा मळली. पहाटे ती कणीक इतकी मऊ झाली होती की तिच्या पोळ्या होईनात. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी घरच्या फोनवरून आवाज आला, ‘पोचलो.’ रात्रभर देवांशी मी केवढाली बोलणी केली होती, केवढे नवस, केवढी वाक्यं तयार ठेवली होती. तोंडातून निघालं, ‘जेवलात का?’ पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग तो म्हणाला, ‘बिस्किटं खाल्ली.’ आमच्या लग्नातलं सगळ्यात हळवं संभाषण ते एवढंच आहे.

आता तर काय, सगळं हातात आहे. मुलगा बंगळूरला निघतो तेव्हा त्याची गाडी मोबाइलच्या पडद्यावर निळ्या ठिपक्यासारखी सरकताना बघता येते. पण ठिपका बघून काळजी कमी होते हा गैरसमज आहे. पूर्वी मी घाट कल्पनेनं चढायचे. आता ठिपका थांबला की मीही थांबते. तो बारा मिनिटं थांबला तर माझ्या डोक्यात जे उभं राहतं ते सांगण्यासारखं नसतं, आणि प्रत्यक्षात तो कोल्हापूरच्या अलीकडे मिसळ खात असतो. पोचल्यावर तो शब्द पाठवत नाही, अंगठा पाठवतो. पिवळा, उभा, मनगटापासून तोडलेला. आजीला तार आवडली नव्हती, तिला हा अंगठा दाखवायला हवा होता.

चांद्रयानाच्या वेळी मी त्याला ऐकवलंच. २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्रापासून दोनेक किलोमीटरवर असताना बोलायचा थांबला, तेव्हा पडद्यावर दिसणारे ते शास्त्रज्ञांचे चेहरे मी ओळखले. आरशात बघितलेले होते. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी दुसऱ्या विक्रमानं पोचल्याचं कळवलं आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी मात्र खाली बसले. पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त अंतरावरून निरोप यायला सव्वा सेकंद लागतो, असं मुलानंच मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, ‘बघ. तुझा इलेक्ट्रॉनिक सिटीवरून यायला चाळीस मिनिटं लागतात.’ त्यावर त्यानं अंगठा पाठवला.

१६६६ साली आग्र्याहून निसटलेला मुलगा राजगडावर येईपर्यंत जिजाबाईंनी दिवस कसे काढले असतील, याचा विचार मी शाळेत कधी केला नव्हता. शाळेत आम्हाला पेटारे शिकवले. पेटाऱ्यांचीच चित्रं काढली, पेटाऱ्यांचेच नाट्यप्रवेश झाले. बरोबर नातूही गेलेला, वाटेवर मैलोगणती शत्रूचा मुलूख, आणि निरोप पाठवणं म्हणजेच धोका. गोष्टीत सांगतात, तो बैराग्याच्या वेशात येऊन पाया पडला आणि तिनं आधी ओळखलं नाही. मला हे आता पटत नाही. तिनं पावलं गडाच्या पहिल्या दरवाजाशी ओळखली असणार. बाकीच्यांसमोर दाखवलं नसेल.

गेल्या महिन्यात मी एकटीच साताऱ्याहून परत आले. दार उघडलं, दूध तापवलं, वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली, चहा घेऊन बाल्कनीत बसले. कुंडीतल्या गवती चहाला पाणी घातलं. पिशवी आत खुर्चीवर, फोन पिशवीच्या तळाशी, आवाज बंद. नवरा फिरायला गेलेला. तासाभरानं दारावरची बेल वाजली; समोरच्या वहिनी, हातात त्यांचा फोन, चेहऱ्यावर आजीच्या वाड्यातल्या त्या दोघींचा भाव. ‘तुमचा मुलगा.’ फोन कानाला लावला तर पलीकडे पहिल्यांदा नुसता श्वास. मग तो बोलला, आणि बोलला ते शब्दन्‌ शब्द माझेच होते. कॉलेजच्या सहलीहून तो दोन तास उशिरा आला होता तेव्हा मीच त्याला सुनावलेले, त्याच चढत्या क्रमानं, मध्ये तोच आवंढा. ‘एक फोन करता येत नाही? माणसानं काय समजायचं? आई, तुला काही पोच आहे का?’

मी म्हटलं, ‘जेवलास का?’

बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. माणसं त्यांना पोचवून परत आली, आंघोळी झाल्या, कडुलिंबाची पानं चावून झाली, आणि संध्याकाळी सगळे गप्प बसले असताना आई मला हळूच म्हणाली, ‘रुमाल दिला होतास ना बरोबर? जागा धरायला लागतो त्यांना.’ तेव्हापासून तिचं थोडं थोडं मागंपुढं व्हायला लागलं असावं. आम्हाला ते दुःख वाटलं, म्हणून कळलं नाही.

आता ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. भावाकडे असते, खिडकीशी तिची खाट आहे. निवडलेले तांदूळ वहिनी रोज तिच्यापुढं ठेवते आणि ती ते रोज निवडते. मी जाते तेव्हा मला ओळखते, पण नेहमी मी म्हणून नाही; कधी मी तिची नणंद असते, कधी मास्तरांची बायको. परवा दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत बसले होते. बाहेर ऊन उतरत होतं. ती एकदम म्हणाली, ‘आमची थोरली पुण्याला गेलीय. पोचली का काही कळलं नाही.’

मी म्हटलं, ‘पोचली की. पत्र आलंय.’

‘कुठाय? बघू.’

इकडेतिकडे बघितलं. हाताशी एसटीचं तिकीट होतं, मघाशी पदराच्या टोकाला बांधलेलं, घामानं मऊ झालेलं. तेच तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं करून बघितलं, अंगठ्यानं सावकाश चाचपलं. मग घडी घालून उशीखाली सरकवलं आणि डोळे मिटले.

‘शिक्का इथलाच आहे,’ ती म्हणाली. ‘नेहमीसारखा.’