‘मले’ म्हणणारी मुलगी नापास कशी?

बुलढाण्यात एका खासगी संस्थेच्या काउंटरसाठी मुलाखती होत्या. पद होतं ग्राहक सेवा प्रतिनिधी. घाटाखालून, जळगाव जामोदकडून आलेली एक मुलगी आत आली. बी.कॉम. झालेली, टॅली येणारी, गावातल्या सेवा केंद्रावर लोकांचे अर्ज भरून दिलेली. चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलाल, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘मले वाटते, आधी त्याचं पुरं ऐकून घ्यावं.’ त्या दिवशी त्या खोलीत दिलं गेलेलं सगळ्यात बरोबर उत्तर हेच. समोरच्या कागदावर मात्र शेरा पडला : संभाषण कौशल्य कमी. मुलाखत समितीचा बाहेरचा सदस्य म्हणून मी तिथे होतो. हरकत घेतली. ती ऐकून घेतली गेली आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

काउंटरच्या पलीकडे कोण उभं राहणार होतं? नांदुऱ्याचा कापूसवाला, मेहकरची बचत गटातली बाई, लोणारचा पेन्शनर. यातलं कोण पुस्तकी मराठीत तक्रार सांगतं? ‘माह्ये पैसे काहून कापले?’ असं विचारणाऱ्याला ‘मले’ म्हणणारी मुलगी कमी कळणार की जास्त? तिचा ‘मले’ चार आठवड्यांत ‘मला’ होईल, गरज असलीच तर. ऐकून घेण्याची सवय मात्र कुठल्याच प्रशिक्षणात चार आठवड्यांत लागत नाही.

या मुलाखतींचे प्रश्न पाहा. ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.’ पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता? मुलंही तयार असतात, यूट्यूबवरचा परिच्छेद पाठ करून येतात. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक, देणाऱ्यालाही ठाऊक, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो ग्राहक खोलीत नावालासुद्धा नाही.

त्याला खोलीत आणा. साधा प्रसंग द्या. निंदण-खुरपणात बोटांच्या रेषा झिजलेली सत्तरीची बाई केवायसीसाठी आली आहे. अंगठा मशीनवर उमटत नाही. तिसऱ्यांदा आली आहे, मागे रांग आहे, एसटीची वेळ होत आली आहे. काय कराल? ‘मी शांतपणे परिस्थिती हाताळेन’ म्हणणारा पाठांतरवाला आहे. कामाचा उमेदवार बोटं पुसायला लावतो, दुसरी बोटं लावून पाहतो, डोळ्यांनी किंवा चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय आहे का ते विचारतो. आणि काहीच जमलं नाही, तर तिला बसायला सांगून कागदावर लिहून देतो : अमुक वारी या, येताना हे आणा, मला भेटा. चौथी खेप टाळायची आहे, हे ज्याला न सांगता कळतं, तो निवडा. पाच मिनिटांचा प्रसंग आहे, त्याला खर्च शून्य.

फोनवरच्या नोकरीचंही तेच. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर, जळगाव जामोद भागात पुरानं शेतं अक्षरशः धुऊन नेली. तेव्हा अशा नुकसानीची सूचना पीक विम्यासाठी ७२ तासांत द्यावी लागत होती. आता पलीकडच्या माणसाचा विचार करा. तो म्हणतो, ‘वावर पुरं खरडून गेलं.’ फोन उचलणाऱ्याला वावर म्हणजे शेत हे कळायला हवं, पीक बुडणं आणि मातीच वाहून जाणं यातला फरक कळायला हवा, आणि गट क्रमांक विचारताना आवाज चढता कामा नये, कारण तो माणूस बांधावर उभा आहे, सातबारा घरी आहे आणि मोबाइलची बॅटरी संपत आली आहे. यातलं काहीही ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ या वाक्यानं होत नाही.

सरकारी बँकांनी तर कारकुनांची मुलाखतच काढून टाकली. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी खालच्या पदांच्या मुलाखती बंद करण्याची भूमिका मांडली, १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या त्या पदांना ते लागू झालं. बँकांच्या कारकून भरतीतूनही मुलाखत गेली. ते योग्यच झालं. मुलाखतीच्या नावाखाली वशिला आणि पाकीट चालायचं, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पण आता याच कारकुनाला बँक भरतीची परीक्षा घेणारी आयबीपीएस ‘ग्राहक सेवा सहयोगी’ म्हणते, आणि पूर्वपरीक्षेत त्याला विचारते काय? साठ मिनिटांत शंभर प्रश्न : इंग्रजी, अंकगणित, तर्क. ग्राहक कुठे आहे? स्थानिक भाषेची अट आहे. स्टेट बँकेत दहावी-बारावीला ती भाषा घेतल्याची गुणपत्रिका दाखवली की चाचणीही टळते. मुलाखत परत आणा असं मी म्हणणार नाही. नेमणुकीनंतर, परिविक्षेच्या काळात, काउंटरवरचं बोलणं तपासा आणि त्याला गुण द्या. तिथे वशिल्यापुढे रांगेतली माणसं साक्षीला असतात.

‘इथली पोरं काउंटरला चालत नाहीत’ असं म्हणणारे मालक मला भेटतात. त्यांनी शेगावला जाऊन रांगेत उभं राहावं. गजानन महाराज संस्थानात गावोगावची माणसं पाळीपाळीनं सेवेला येतात, कोणी शेतकरी, कोणी मजूर, कोणी मास्तर. हजारोंच्या गर्दीला ‘माउली’ म्हणून हाक मारतात, आणि रांग सरकत राहते. ही शिस्त संस्थानाचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांनी कित्येक वर्षं खपून रुजवली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, शिस्त राहिली. सगळी याच मातीतली, हीच बोली बोलणारी माणसं. जमतं त्यांना.

मात्र शेगावचं नाव घेऊन पगार कापू नका. ती सेवा श्रद्धेची आहे, तिचे दिवस ठरलेले आहेत. तुमच्या काउंटरवरचं माणूस महिनाभर, रोज, घर चालवण्यासाठी उभं आहे. मग जाहिरातीत ‘पगार पात्रतेनुसार’ का लिहिता? आकडा लिहा. अनुभव दोन वर्षांचा मागायचा आणि मोबदला शिकाऊचा द्यायचा, ही लबाडी आहे. जो मुलाखतीआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागतो, त्याची नोकरी खरी नसते. मुलांनो, तिथून उठून या.

आणि उमेदवारानं उलटा एक प्रश्न विचारावा : ग्राहकाचं म्हणणं खरं निघालं, तर मी स्वतःच्या अधिकारात काय करू शकतो? चुकून कापलेले पैसे परत टाकता येतील? बिघडलेली वस्तू बदलून देता येईल? की फक्त ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढंच सांगायचं? उत्तर देताना मालक अडखळला, तर ओळखावं की आपल्याला शिव्या खायला नेमतायत. हातात काहीच अधिकार नसलेलं गोड बोलणं तिसऱ्या दिवशी ग्राहकाला कळतं, आणि राग निघतो तो खुर्चीतल्या पोरीवर. साहेब केबिनमध्ये सुरक्षित.

त्या जळगाव जामोदच्या मुलीला निकाल कोणी कळवला नाही. पद्धतच तशी आहे : निवडलं तर फोन, नाही तर शांतता. पहाटेची बस धरून, एका दिवसाची कमाई बुडवून घाट चढून आलेल्या माणसाला ‘या वेळी जमलं नाही, अमुक कमी पडलं’ असं दोन मिनिटांत सांगता येतं. ग्राहक सेवेसाठी माणसं शोधणारी संस्था हे दोन मिनिटांचं काम करत नाही, आणि उमेदवार महिनाभर फोन जवळ ठेवून, दुसरीकडे अर्ज न करता, वाट पाहत बसतो.