केंद्रनिष्ठ गृहस्थ

मोटारीची मूळची चाके उतरवून तिला बाजारातील चकचकीत अलॉय चाके चढवण्याचा बेत ज्या घरात शिजतो, त्या घराच्या आसपास एक विशिष्ट गृहस्थ हटकून सापडतो, तो बहुधा निवृत्त असतो, त्याच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा हिस्साही दाखवणारी सरकती मोजपट्टी, खोवलेली असते, आणि चाकाचा रंग, आऱ्यांची नक्षी, चमक व किंमत यांपैकी कशातही त्याला काडीचा रस नसून त्याची सारी जिज्ञासा एका प्रश्नात मावते: “मधलं भोक केवढं?” ही जात भोसरीत व चिंचवडला विपुल, कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याहून विपुल, आणि जिथे जिथे माणसांनी उमेदीची वर्षे लेथ यंत्रापुढे उभ्याने काढली आहेत तिथे तिथे थोडीफार आढळते. शेजारी तिला ‘काका’ म्हणतात आणि ती जिन्यात दिसली की फोन कानाला लावतात.

प्रश्न वेडगळ वाटला तरी निराधार नाही, हे प्रथम मान्य करावे लागते. चाक ज्या भागावर चढते त्याला हब म्हणतात आणि त्याच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो. मारुती स्विफ्टच्या हबवर या उंचवट्याचा व्यास ५४.१ मिलिमीटर असून कारखान्यातून आलेल्या चाकाचे मधले छिद्रही त्याच मापाचे असल्यामुळे चाक त्यावर सरकताच आपोआप मध्यावर येते. बाजारात चाके विकणाऱ्याला मात्र एकच चाक दहा कंपन्यांच्या गाड्यांना खपवायचे असते, म्हणून तो छिद्र मोठे ठेवतो, बहुधा ७३.१ मिलिमीटर. नटांची छिद्रे ज्या कल्पित वर्तुळावर असतात त्या वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात, आणि चार छिद्रे व १०० मिलिमीटर हा पीसीडी जुळला की दुकानदार “बसलं” असे जाहीर करून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या क्षणी छिद्र आणि हब यांच्यात एकोणीस मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेनऊ मिलिमीटरचा पोकळ प्रदेश रिकामा राहिलेला असतो, आणि हाच प्रदेश आपल्या गृहस्थांचे साम्राज्य होय. तो भरून काढणाऱ्या, बाहेरून ७३.१ व आतून ५४.१ अशा कड्याला हबसेंट्रिक रिंग म्हणतात. अशी रिंग बसवून हबच्या मध्यावर आणलेल्या चाकास केंद्रनिष्ठ म्हणावे, आणि ती बसेपर्यंत कोणालाही जेवू न देणाऱ्या गृहस्थांनाही तेच विशेषण लावावे.

पुण्याच्या नाना पेठेतील एखाद्या दुकानात या गृहस्थांचे दर्शन घेणे उद्बोधक ठरते. गिऱ्हाईक त्यांचा पुतण्या असतो, पैसे पुतण्याचे असतात, गाडी पुतण्याची असते, आणि दुकानातील पोराने हवेच्या दाबावर चालणारी गन नटाला लावताच “थांब!” ही आरोळी मात्र काकांची असते. मग ते पोराला बाजूला सारून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासायला लावतात, कारण गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक हबला सपाट टेकत नाही. रिंग चाकात मागच्या बाजूने केवळ अंगठ्यांच्या दाबाने बसवतात, कारण हातोडी लागली तर माप चुकले आणि ती आपोआप गळून पडली तरीही माप चुकले. गाडी जॅकवर असतानाच नट हाताने फिरवून आणतात, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळतात, आणि गाडी खाली टेकल्यावर अखेरचा पीळ टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर झाला की ‘टक्’ असा आवाज करणाऱ्या पान्याने, स्वतः देतात. तो ‘टक्’ ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले असतात. नटाची टेकणारी बाजू शंकूसारखी आहे की चेंडूसारखी गोल, हा प्रश्न ते यानंतर काढतात. होंडाचे मूळ नट गोल बैठकीचे असतात, बाजारातील चाकांना बहुधा साठ अंशांच्या शंकूचे लागतात, आणि एकाच्या जागी दुसरा लावला तर नट कडेवर टेकून आवळल्यासारखा नुसता भास होतो. गोष्ट खरी आणि महत्त्वाची आहे. ती सांगायला त्यांना पाऊण तास लागतो, हाही तिचाच भाग धरावा लागतो.

गृहस्थांची जिज्ञासा चाकापुरती राहिली असती तर समाजाने ती सोसली असती. परंतु उडप्याच्या हॉटेलात मेदूवडा आला की व्हर्निअर बाहेर निघतो, आणि सांबार निवेपर्यंत वड्याचे छिद्र मध्यावर नसल्याचे वेटरला सप्रमाण पटवून दिले जाते. भाचीला पाहायला आलेला मुलगा अलॉय लावलेल्या गाडीतून उतरला, तेव्हा आत मंडळी पोहे खात त्याचा पगार, पत्रिका व फ्लॅटचे हप्ते यांची चौकशी करीत असताना मामा खाली पार्किंगमध्ये त्याच्या गाडीशेजारी उकिडवे बसले होते, वर येऊन त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, आणि मुलाने गोंधळून “कशाचं?” असे म्हटल्यामुळे हे स्थळ मुलीला योग्य नाही असे त्यांचे ठाम मत झाले. लग्न अर्थातच झाले. आहेर म्हणून मामांनी मखमली डबीत चार ॲल्युमिनियमच्या रिंगा दिल्या, वरमाईंनी त्या चांदीच्या पाटल्या समजून हातात घालून पाहिल्या, त्या बोटांच्या पेरांवर अडल्या, आणि “जरा लहान आहेत हो” असा शेरा त्यांनी मारताच मामा हर्षभरित होऊन म्हणाले, “लहान कशा? चोपन्न पॉइंट एक! बरोब्बर दोन-दोन!”

या उद्गारामागे एक संपूर्ण सिद्धांत आहे, आणि केंद्रनिष्ठ गृहस्थांचा तो सर्वांत लाडका असल्यामुळे त्यांच्या ओळखीतील एकाही माणसाची त्यातून सुटका झालेली नाही. बांगडीचे माप दोन पूर्ण इंच आणि वर इंचाचे सोळावे भाग असे बोलले जाते. ‘दोन-चार’ म्हणजे सव्वादोन इंच, ‘दोन-सहा’ म्हणजे त्याहून इंचाचा आठवा भाग जास्त. हे मिलिमीटरमध्ये उतरवले असता दोन-दोन ५४, दोन-चार ५७.१, दोन-सहा ६०.३ आणि दोन-आठ ६३.५ भरते, उलट हबची मापे पाहता मारुती ५४.१, फोक्सवॅगन ५७.१, टोयोटा इनोव्हा ६०.१ आणि फोर्ड ६३.४ असा क्रम लागतो. युरोप, जपान व अमेरिका येथील अभियंत्यांनी तुळशीबागेत येऊन मापे घेतल्याचा पुरावा नाही, आणि हा निव्वळ योगायोग असल्याचे गृहस्थही जाणतात. तथापि हा मेळ सापडल्यापासून ते गाड्यांचा उल्लेख बांगड्यांनीच करतात. शेजाऱ्याने पोलो घेतली तेव्हा “दोन-चार घेतली का? छान” अशी दाद त्यांनी दिली. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले त्या दिवशी “दोन-आठचं घराणं बुडालं” म्हणून ते रात्री जेवले नाहीत. होंडा सिटीचा हब ५६.१ मिलिमीटरचा असून तो दोन-दोन व दोन-चार यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो, यास्तव होंडा बाळगणाऱ्या माणसांविषयी त्यांच्या मनात एक अढी आहे. ही गाडी कोणत्याच मनगटाची नाही, असे ते खाजगीत सांगतात आणि चारचौघांतही सांगतात.

रिंग नसल्यास काय होते याचे त्यांचे विवेचन मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. चाकाचे संतुलन करणारे यंत्र चाकाला मधल्या छिद्रात शंकू घालून धरते, म्हणजे ते चाकाचा मध्य छिद्रावरून ठरवते. गाडीवर तेच चाक नटांच्या भरवशावर टांगले गेले आणि अर्धा मिलिमीटर जरी सरकून बसले, तरी यंत्राच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य आणि स्टिअरिंग मात्र थरथरते, असा चमत्कार घडतो. टायरसह सोळा किलो भरणारे पंधरा इंची चाक अर्धा मिलिमीटर मध्याबाहेर गेले, तर रिमच्या कडेला सुमारे ४२ ग्रॅमचे वजन चिकटवल्याइतका असमतोल निर्माण होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला हा असमतोल सात किलोंच्या ओढीने चाकाला सेकंदातून जवळजवळ पंधरा वेळा हिसडतो. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने गावात गाडी शहाण्यासारखी वागते आणि द्रुतगती मार्गावर लागली की तिच्या अंगात येते. मालक मग पुन्हा संतुलन करून घेतो, पुन्हा शून्य येते, पुन्हा थरथर होते, आणि टायरवर, रस्त्यावर व सरकारवर दोषारोप करून झाल्यानंतर एके संध्याकाळी तो निमूटपणे काकांची बेल वाजवतो. चाकांवर अर्धा लाख उधळणारा आणि काही शे रुपयांच्या रिंगांसाठी “त्याच्याशिवाय चालतं की” म्हणणारा हा मालक खरे पाहता अधिक विनोदी इसम आहे. पण तो व्हर्निअर बाळगत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी लिहीत नाही.

येथे गृहस्थांच्या विद्येतील एक गफलतही नोंदवणे भाग आहे. गाडीचा सारा भार ही रिंगच पेलते, ती नसेल तर नट मोडतील आणि चाक गाडीला मागे टाकून पुढे निघून जाईल, असे ते श्रोत्यांना घाबरवण्यासाठी सांगतात, आणि ते खरे नाही. नट योग्य पिळाने आवळले म्हणजे चाक हबच्या सपाट तोंडावर इतके घट्ट दाबले जाते की त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षणच भार वाहते. रिंगेचे काम चाकाला मध्यावर धरण्यापुरते, तेही नट आवळले जाईपर्यंतच असते. प्लॅस्टिकच्या रिंगाही वर्षानुवर्षे टिकतात, याचे कारण त्यांच्यावर भार पडतच नाही. शंकूचे नट काळजीपूर्वक, चाक अधांतरी असताना आवळले तर रिंगेवाचूनही ते पुष्कळदा मध्यावर येते. मात्र ‘काळजीपूर्वक’ हा पदार्थ दुकानात मिळत नाही, म्हणून रिंग घ्यावी लागते. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत, इतके पथ्य दोन्ही पक्षांना लागू आहे.

हे सारे काकांना ठाऊक नसेल असे समजण्याचे कारण नाही. भोसरीच्या एका कारखान्यात तीन दशके ते तपासणी विभागात होते, आणि त्यांच्या हातातील गेज, म्हणजे एक टोक छिद्रात गेलेच पाहिजे व दुसरे जाता कामा नये असा पोलादी ठोकळा, ज्यांतून फिरला त्या सुट्या भागांवर आज किती गाड्या धावत असतील याचा हिशेब कोणाकडे नाही. भाग पास झाला की तो खोक्यात पडे आणि तपासणाऱ्याचा त्याच्याशी संबंध संपे. लोकांना आठवत ते फक्त त्यांनी नाकारलेले भाग, आणि त्याबद्दल उत्पादन विभाग त्यांच्याशी बोलत नसे. पुढे त्यांच्या टेबलाच्या जागी आपोआप मोजणारे यंत्र आले व त्यांना स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला. त्यावरची सही तेवढी त्यांनी मोजमाप न करता केली. रिंगेचे काम नट आवळेपर्यंतच असते, ही गोष्ट ते पुतण्यापासून लपवतात ती अज्ञानापोटी खास नव्हे.

काकूंचे माप दोन-चार होते, म्हणजे फोक्सवॅगन, आणि चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी त्यांच्या रूपाविषयी काढलेला जाहीर उद्गार बहुधा एवढाच. एका श्रावणात मंगळागौरीला निघताना काकूंच्या हाताला तेल लावूनही बांगडी चढेना. त्यांनी ती मुकाट्याने ताटलीत ठेवली आणि नुसत्या घड्याळावर निघून गेल्या. सांध्यांची सूज डॉक्टरांच्या कागदावर येण्याच्या कितीतरी आधी ती त्या ताटलीत काकांना दिसली. त्यांनी विचारपूस केली नाही, कारण ती त्यांना येत नाही; ते ती बांगडी सदऱ्याच्या खिशात, व्हर्निअरशेजारी, घालून तुळशीबागेत गेले आणि कासाराला म्हणाले, “फोक्सवॅगनची टोयोटा झाली आहे. दोन-सहा दाखवा, हिरव्या.” कासाराने डझन काढून दिल्या. काकांनी त्यातील प्रत्येक बांगडी उभी-आडवी मोजली, भट्टीत काच किंचित लंबगोल होते याबद्दल कासाराला दोन शब्द सुनावले, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना त्यांतल्या पाच रिजेक्ट केल्या.