भावी नगरसेवकाची मार्गदर्शिका

छत्रपती संभाजीनगर महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढचे मतदान झाले 15 जानेवारी 2026 रोजी. मधली पावणेसहा वर्षे महापालिका प्रशासकाने सांभाळली आणि शहरातल्या पडेगाव भागाचे विजेचे खांब 'भावी नगरसेवकां'च्या फ्लेक्सनी. वाढदिवस, नवरात्र, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार, कशाचेही निमित्त चालले. एवढी तपश्चर्या केलेल्या इच्छुकाला अर्ज भरायला मिळाले आठ दिवस, 23 ते 30 डिसेंबर 2025. त्यातला एक नाताळात गेला, एक रविवारात. पुढच्या खेपेला अशी तारांबळ उडू नये, म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम आपण कुठे उभे आहोत याची खात्री करावी. 2015 पर्यंत प्रश्न सोपा होता, एक वॉर्ड आणि एक नगरसेवक. आता 29 प्रभाग आणि 115 जागा. 28 प्रभागांत प्रत्येकी चार, एका प्रभागात तीन. जागांना अ, ब, क, ड अशी नावे, शाळेतल्या तुकड्यांसारखी. कोणती तुकडी कोणासाठी राखीव, हे 11 नोव्हेंबर 2025 च्या सोडतीत ठरले. निम्म्या जागा महिलांच्या. ज्याची जागा महिलेकडे गेली त्याने खचू नये. त्याच फ्लेक्सवर वहिनींचा फोटो मोठा आणि आपला लहान करून घ्यावा. आपला लहान करणे आजवर कोणाला जमलेले नाही, पण प्रयत्न दिसावा.

वयाची अट 21 वर्षे पूर्ण. नाव शहराच्या मतदार यादीत (या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची) कुठेही चालते. म्हणजे सिडकोत राहणाऱ्यालाही पडेगावच्या पाण्याची काळजी वाहता येते. सूचक मात्र प्रभागातलाच हवा. आणि छाननीच्या दिवशी त्याचा फोन लागत असावा. दुसरी अट कायद्यात नाही, पण अनुभवी लोक तिलाच जास्त जपतात.

यानंतर कायदा थेट घरात शिरतो. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले असेल, तर उमेदवारी संपली. एका मुलावर पुढच्या खेपेला जुळे झाले, तर ते एकच धरण्याची दयाबुद्धी कायद्याने दाखवली आहे. मग शौचालय. ते घरी आहे आणि आपण ते वापरतो, याचा कागद जोडावा लागतो. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरावी लागते. वर्षानुवर्षे पाणीपट्टीविरुद्ध मोर्चे काढणारे त्या आठवड्यात ती भरायला रांगेत उभे राहतात, हा निवडणुकीचा एक निर्विवाद लाभ. महापालिकेच्या कामात ठेकेदारीचा हिस्सा नसावा, निदान स्वतःच्या नावावर. नगरसेवकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावे बेकायदा बांधकाम निघाले तर पद जाते, हेही वाचून ठेवावे. 2025 मध्ये पडेगाव-मिटमिटा रस्त्यावर महापालिकेचे जेसीबी फिरले, तेव्हा हा विषय तिथे पुस्तकाबाहेर शिकवून झालेला आहे.

राखीव जागेवर उभे राहणाऱ्याने जात पडताळणीचा कागद हलक्यात घेऊ नये. अर्जासोबत पडताळणीसाठी अर्ज केल्याची पोच चालून जाते. खरी परीक्षा निवडून आल्यावर. कोल्हापूरच्या नगरसेवकांना मुदतीत प्रमाणपत्र न दिल्याचा फटका ऑगस्ट 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात बसला, आणि मग मुदत वाढवण्यासाठी सरकारला कायदा बदलायची धावपळ करावी लागली.

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, सगळे लिहायचे. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. लागू नसेल तिथे 'निरंक'. उमेदवाराचे घर, दागिने, गाड्या, संडास यांची इतकी बारीक चौकशी करणारा हा कागद प्रभागाबद्दल मात्र एक अक्षर विचारत नाही. 2018 च्या कचराकोंडीत मिटमिट्यात दगडफेक झाली, पुढे कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र पडेगावात आले. त्याचे आपण काय करणार, याला रकाना नाही. इच्छुकाने ही सोय समजावी.

आता एबी फॉर्म. 'ए'मध्ये तिकीट वाटण्याचा अधिकार कोणाला हे पक्ष कळवतो, 'बी'मध्ये तिकीट कोणाला हे. दोन साधे कागद. पण ते शेवटच्या दिवसापर्यंत कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत असतात आणि इच्छुक त्या गाडीच्या मागे. ही अतिशयोक्ती नव्हे: 30 डिसेंबरला नाशिकमध्ये अशा गाडीचा कार्यकर्त्यांनी खरोखर पाठलाग केला. पुण्यात तर एकाच पक्षाच्या दोघांना फॉर्म मिळाले, आणि एकाने दुसऱ्याचा फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप होऊन गुन्हा दाखल झाला. सबब फॉर्म लॅमिनेट करून न्यावा की काय, असे वाटेल. नेऊ नये, सही मूळ शाईतलीच लागते. मात्र वेळेत न्यावा: मुंबईत एका उमेदवाराला काही मिनिटांचा उशीर झाला आणि मोठ्या पक्षाची जागा उमेदवाराविना राहिली.

खुल्या जागेला अनामत 5000 रुपये. महिला आणि राखीव प्रवर्गांना 2500. एका जागेसाठी चार अर्ज भरता येतात, चार वेळा निवडून येता येत नाही. 31 डिसेंबरला छाननी झाली, 2 जानेवारीला माघारीची मुदत संपली, 3 तारखेला चिन्हे मिळाली. बंडखोरी करायची असेल तर माघारीच्या दिवशी फोन बंद ठेवून तुळजापूरला जावे. ती विकायची असेल तर फोन चालू ठेवावा.

राहिला खर्च. छत्रपती संभाजीनगरसाठी मर्यादा 11 लाख रुपये, त्यासाठी वेगळे बँक खाते, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब. जिंकलेल्यालाही, पडलेल्यालाही. तो दिला नाही तर तीन वर्षे अपात्रता, म्हणजे पुन्हा 'भावी' व्हायचीही सोय नाही. निकाल 16 जानेवारीला लागला, तेव्हा तिसावा दिवस 15 फेब्रुवारी: रविवार, त्यात महाशिवरात्र. त्या दिवशी पडेगावचा रस्ता वेरूळला जाणाऱ्या गाड्यांनी तुंबलेला असतो. पावत्यांची पिशवी आदल्या आठवड्यातच पोचवावी.