कमिशन आणि कांचनमुक्ती

ज्या गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले, त्या गावात बसून अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिकायला थोडं कोडगेपण लागतं. ते माझ्यात आहे. अडचण वेगळीच आहे. गागोदे बुद्रुकला आमच्या घरात मोबाइलची रेंज धड मिळते ती फक्त मागच्या पडवीत, आणि पडवीला लागून आप्पांचं अंगण. आप्पा सर्वोदयाचे जुने कार्यकर्ते. त्यामुळे पेणहून भाचा मला शिकवायला आला की एका फीमध्ये दोघांची शिकवणी होते. फी म्हणजे वालाचं बिरडं.

मी मराठीत ब्लॉग लिहिते. आमच्याकडचं खाणंपिणं, कडवे वाल, पोपटी, पावसाळ्यातल्या रानभाज्या. भाच्याचं म्हणणं, एवढं लिहितेस तर चार पैसे मिळव.

"मावशी, आधी तीन गोष्टी डोक्यात पक्क्या कर. जाहिरात हजार वेळा दिसली की मिळतो तो सीपीएम. कुणी तिच्यावर क्लिक केलं की सीपीसी. आणि कुणी खरंच वस्तू घेतली तर सीपीए. आपलं अ‍ॅफिलिएट म्हणजे हे तिसरं. माल दुकानाचा, पैसा गिऱ्हाइकाचा, आपली नुसती लिंक. विक्री झाली तर कमिशन, नाही तर रामराम."

"म्हणजे सभेला हजार माणसं आली, ते पहिलं," कुंपणापलीकडून आप्पा म्हणाले. "सभा संपल्यावर पन्नास जण थांबले, चौकशी केली, ते दुसरं. आणि जमिनीच्या दानपत्रावर सही केली एकानं, ते तिसरं. विनोबांना तिसऱ्यातच रस."

भाचा चाटच पडला. हजारातले पन्नास थांबले हा क्लिक थ्रू रेट आणि पन्नासातल्या एकानं सही केली हा कन्व्हर्जन रेट, हे त्याला मला वहीत आकृती काढून समजवायचं होतं. आकृती राहिली.

"मग पोचमपल्लीला शंभर टक्के," आप्पा पुढे सरकले. १८ एप्रिल १९५१, विनोबांच्या भूदान चळवळीचा पहिला दिवस. तेलंगणातल्या त्या गावात भूमिहीनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, विनोबांनी ती मागणी गावापुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डींनी तिथल्या तिथे शंभर एकर देऊ केली.

"मागितल्यापेक्षा जास्त म्हणजे अपसेल," भाचा म्हणाला. "आणि तोही गिऱ्हाइकानं स्वतःहून केलेला!"

वाचकानं नेमकं काय करावं हे सांगणाऱ्या ओळीला ही मंडळी कॉल टू अ‍ॅक्शन म्हणतात. 'इथे क्लिक करा', 'आजच मागवा' वगैरे. आप्पांनी विचारलं, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा हिस्सा दे, हे विनोबांचं मागणं चालेल का? भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मागणी स्पष्ट, आकडा स्पष्ट, आणि नाही म्हणायला जागाच ठेवलेली नाही. याच्यापेक्षा चांगलं बटण मी पाहिलेलं नाही."

पण आप्पा आकडे लपवणाऱ्यांतले नव्हेत. भूदानाचं उद्दिष्ट होतं १९५७ पर्यंत पाच कोटी एकरांचं, जमीन मिळाली बेचाळीस लाखांच्या आसपास. त्यातलीही कितीतरी जमीन खडकाळ, कितीतरी वादातली, आणि कितीतरी दानपत्रं कागदावरच राहिली. आप्पांचा आवाज जरा खाली आला.

"अहो आप्पा, हे आमच्याकडे रोजचं आहे," भाचा त्यांना धीर द्यायला लागला. "रिपोर्टात कमिशन दिसतं, आपण खूश होतो, मग गिऱ्हाईक वस्तू परत पाठवतं आणि कमिशन वजा होतं. परत करायची मुदत संपेपर्यंत काही खरं नसतं." भूदानाच्या इतिहासावर बरंच लिहून आलं आहे, पण रिटर्न पॉलिसीच्या अंगानं त्याकडे बहुधा कुणी पाहिलं नसावं.

कुकी हे प्रकरण मला सर्वांत आवडलं. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी ही युक्ती काढली. ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवायची, म्हणजे पुन्हा आलेलं माणूस वेबसाइटला ओळखता येतं. १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉननं आपली असोसिएट्स ही अ‍ॅफिलिएट योजना सुरू केली. असल्या योजनांतही गिऱ्हाईक कुणी धाडलं ते या चिठ्ठीवरून कळू लागलं. चिठ्ठीला मुदत असते, कुठे चोवीस तास तर कुठे महिनाभर. त्या मुदतीत माणूस लिंकवरची वस्तू न घेता भलतंच काही घेऊन गेला तरी कमिशन बऱ्याचदा आपलंच. माझ्या नारळाच्या खोवणीच्या लिंकवरून कुणीतरी डंबेल्स नेले आहेत. कोणी, ते रिपोर्ट सांगत नाही. डोंबिवलीच्या नणंदेवर माझा संशय आहे, कारण खोवणी तिच्याकडे आहे आणि मुलगा व्यायामशाळेत जायला लागलाय.

ही नणंद प्रेमळ आहे, हीच पंचाईत. गूगलची अ‍ॅडसेन्स, म्हणजे आपल्या पानावर त्यांनी लावायच्या जाहिराती, मी सुरू केल्याचं कळल्यापासून ती रोज देवपूजा आटोपली की माझ्या जाहिरातींवर एकेक टिचकी मारायची. वहिनीला तेवढीच मदत. असल्या टिचक्यांना इनव्हॅलिड ट्रॅफिक म्हणतात आणि त्यापायी खातंच बंद होऊ शकतं, हे मी तिला तीनदा सांगितलं. "बरं बाई, एक दिवसाआड मारते," म्हणाली.

अ‍ॅडसेन्सची आणखी एक गंमत. कमाई दहा डॉलरला पोचली की तुमचा पत्ता खरा आहे ना हे तपासायला ते सहा आकड्यांचा पिन पाठवतात. कसा? टपालानं. जगातली सगळी माहिती ज्यांच्या खिशात, ते शेवटी भरवसा ठेवतात आमच्या पोस्टमनवर. पिन आला, टाकला. आता पैसे?

"शंभर डॉलर झाल्यावर," भाचा म्हणाला. "त्याला पेमेंट थ्रेशोल्ड म्हणतात. तोवर ते नुसते स्क्रीनवर दिसतात."

पवनारच्या आश्रमात विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला होता. पैशाला हात न लावता, स्वतः पिकवून, स्वतः सूत कातून जगायचं. आप्पा समाधानानं म्हणाले, "म्हणजे तुमचीही कांचनमुक्तीच चाललीय की!"

खरी अडचण पुढे आली. भाच्याच्या भाषेत निश, म्हणजे आपला ठरावीक विषय, असा निवडावा की त्यातलं काहीतरी विकता येईल. माझा सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख पोपटीवर आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, खडेमीठ, ओवा, हवी तर अंडी. तोंडाला पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. यातलं विकणार काय? भांबुर्डा बांधावर फुकट. शेंगा ज्याच्या त्याच्या शेतातल्या, नाहीतर शेजाऱ्याच्या. पोपटीला लागते ती थंडी कुठल्याच दुकानात मिळत नाही. राहिलं मडकं, ते ऑनलाइन मागवलं तर खापऱ्या घरी येतात आणि कमिशन परत जातं. शेवटी भाच्यानं लेखाखाली टॉर्चची लिंक टाकली. अंधारात शेंगा सोलताना लागेल म्हणाला.

लिंकखाली खुलासाही हवा. जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी नियमच केले: पैसे मिळत असतील तर वाचकाला तसं उघड सांगा. मला ते पटतं. मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते.' दुसऱ्याच दिवशी नागोठण्याच्या चुलत सासूबाईंचा फोन.

"खलबत्त्यावर तुला कमिशन मिळतं म्हणे. मग तेवढं कमी करून दे ना."

"काकी, किंमत तुम्हाला तीच पडते. मला दुकान त्यांच्या पदरचं देतं."

"त्यांच्या पदरात कुठनं आलं? आधीच वाढवून ठेवलं असणार."

मी भाच्याकडे पाहिलं. तो मोबाइलकडे पाहत होता. काकींनी खलबत्ता पेणच्या बाजारातून घेतला, घासाघीस करून, आणि वर मला फोनवर भाव कळवला, का तर माझा लेख वाचूनच त्यांना तो घ्यावासा वाटला होता.

"ऑफलाइन कन्व्हर्जन," भाचा म्हणाला. "याचं ट्रॅकिंग होत नाही." आणि त्यानं बिरडं आणखी वाढून घेतलं.