ऐंशीच्या अलीकडचे

आमच्या वर्गात परीक्षा नाही, हजेरी नाही, त्यामुळे नापास व्हायची सोयही नाही. नाव मात्र भारदस्त : 'युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज'. फ्रान्समधल्या तुलूझला १९७३ साली ही कल्पना निघाली, १९८२ साली इंग्लंडात आली आणि इथल्या लोकांनी तिच्यातून प्राध्यापकच वगळून टाकले. शिकणारे आपण, शिकवणारेही आपल्यातलेच. नोकरीच्या कटकटीतून सुटलेलं असलं की प्रवेश मिळाला.

या खेपेला एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' घ्यायचं ठरवलं. मला वाटलं, हे तर लहानपणीच होऊन गेलंय : वीतभर माणसं, दोऱ्यांनी जखडलेला गलिव्हर, संपलं. पण जोनाथन स्विफ्टने १७२६ साली हे मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. राणीच्या महालाला लागलेली आग गलिव्हर कशी विझवतो, तो भाग आमच्या बालआवृत्तीत नव्हता. बादली लागत नाही, एवढंच सांगते. आणि हे लिहिणारा डब्लिनच्या कॅथीड्रलचा डीन!

पहिले काही आठवडे मजेत गेले. लिलिपुटच्या दरबारात दोरीवर जो उंच उड्या मारेल त्याला मोठं पद. त्यातला उड्यापटू खजिनदार म्हणजे त्या वेळचा पंतप्रधान वॉल्पोल, असं बाईंनी सांगितल्यावर जो तो आपापल्या नावडत्या मंत्र्याला दोरीवर चढवू लागला. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तेवढे चष्मा पुसत बसले. पुढे अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून अकरा हजार माणसं प्राणाला मुकतात. इतरांना ती अतिशयोक्ती वाटली. उकडीच्या मोदकाला कळ्या किती, यावरून बोलणं टाकलेल्या जावा मी पाहिल्यात; मला काही तसं वाटलं नाही.

तिसऱ्या भागात काकडीतून सूर्यकिरण काढू पाहणारा संशोधक आला तेव्हा आमचे निवृत्त रसायनशास्त्रज्ञ म्हणाले, "हा विनोद आता जुना झाला." त्यांच्या शेजारचे गणिताचे शिक्षक पोट धरून हसत होते. वास्तविक गणिती लोकांची टर त्याच्या आधीच्याच प्रकरणांत उडवलेली आहे. त्या आठवड्यात ते आले नव्हते.

मग आले स्ट्रल्डब्रग. हे कधीच न मरणारे लोक. गलिव्हर हरखून जातो : अमर माणसं, केवढं ज्ञान साठवत असतील! तर तसं काही नाही. त्यांना मरण नाही, म्हातारपण मात्र आहे. ऐंशी वर्षं झाली की कायद्याने मृत. इस्टेट वारसांकडे, यांना पोटापुरता तुकडा. नव्वदीत दात, केस आणि चव जाते. वाचायलाही येत नाही, कारण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

वर्गात कोणी हसलं नाही. एका बाईंनी तर मागची ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

वातावरण निवळावं म्हणून शिक्षिकाबाईंनी स्विफ्टची एक यादी काढली. म्हातारपणी आपण कसं वागायचं, याचे नियम त्याने १६९९ साली, ऐन तारुण्यात, लिहून ठेवले होते. त्याच त्याच माणसांना तीच गोष्ट सांगायची नाही. सल्ले वाटत सुटायचं नाही. तरुण मुलीशी लग्न करायचं नाही. शेवटचा नियम असा की, हे सगळे पाळण्याची प्रतिज्ञा करायची नाही, नाहीतर एकही पाळला जायचा नाही. हा शेवटचा आम्ही एकमताने मंजूर केला. पहिला लागू केला असता तर मधल्या सुट्टीत चहा पिताना कोणाला तोंडच उघडता आलं नसतं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. स्ट्रल्डब्रगांत नवराबायको दोघंही अमर निघाले, तर त्यातलं धाकटं ऐंशीचं झालं की लग्न आपोआप मोडतं, राज्याची तेवढी दया, हेही सांगितलं.

हे पेपरातून वर बघत म्हणाले, "धाकटं? म्हणजे हिशोब तुझ्या वयावर होय! मग माझी एवढ्यात सुटका नाही."