आबांची वीस मिनिटं

हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके आहेत आणि पाचही तालुक्यांत आबा आहेत. सेनगावकडं त्यांना तात्या म्हणत असतील, कळमनुरीकडं अण्णा, वसमतला मामा, माणूस तोच. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, रान हळदीचं नाहीतर सोयाबीन-तुरीचं, आणि बंडीच्या खिशात बोटभर लांबीची बॅटरी. दिवसा हा माणूस ओळखू येत नाही. ओळखायचाच असेल तर अमावस्येच्या आसपास, रात्री नऊनंतर, गावाबाहेरच्या पांदणीला जा. समोरून कोणीतरी येतंय असं वाटेल, पण दिसणार काही नाही. तुम्ही मोबाईलची बॅटरी लावाल. त्याबरोबर अंधारातून कळवळून आवाज येईल, "बंद कर बे ती! वीस मिनिटं गेली माझी!"

हे आबा.

वीस मिनिटांची भानगड खोटी नाही. उजेडातून अंधारात आलं की डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण तेवढ्यानं भागत नाही. खरं काम आतल्या पडद्यावरच्या दंडपेशींचं. त्यांच्यात रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते उजेडानं विटतं आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होतं. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा ते भरून आलं की नुसत्या चांदण्यात पायवाट दिसते, बांध दिसतो, बैल कोणता आणि म्हैस कोणती तेही कळतं. मध्येच कोणी तोंडावर झोत मारला की मागची कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे डोळ्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. आबांनी त्यात भर घातली ती एवढीच, की त्याची उधारी लिहायला घेतली.

सरपंचांकडं त्यांची चाळीस मिनिटं येणं आहे. दूधवाल्याकडं दीड तास थकलाय. पांढऱ्या एलईडीचे दिवे बसवून मोटारसायकल हाणणाऱ्या पोरांकडची बाकी बुडीत खात्यात गेली. जावयानं दिवाळीत दारात गाडी लावताना हेडलाईट चालू ठेवले होते, ते नात्यापायी माफ. चावडीसमोर आमदार निधीतून हायमास्ट बसला तेव्हा आबांनी हिशेबच सोडून दिला. एकट्या त्या खांबाकडं त्यांची वर्षं निघतील. तेव्हापासून ते चावडीला वळसा घालून शाळेमागनं जातात. तिथं खड्डा आहे, चिखल आहे, एक चावरं कुत्रं आहे. पण अंधार चांगला आहे.

आता ती बॅटरी. लोकांना वाटतं आबा चिक्कू आहेत म्हणून उजेड बारीक. चिक्कू माणूस इतकी महाग बॅटरी घेत नाही. पुण्यातल्या भाच्याकडून त्यांनी ती मागवली. आत 18650 जातीचा सेल, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. सगळ्यात वरच्या पायरीला हजार ल्युमेन, झोत दोनशे मीटरवर, असं डब्यावर छापलंय. त्या पायरीशी आबांचं देणंघेणं नाही. त्यांनी पैसे मोजले ते सगळ्यात खालच्या पायरीसाठी, अर्ध्या ल्युमेनसाठी. कंपनी तिला चंद्रप्रकाश म्हणते, आबा तिला 'पुरे' म्हणतात. बटण दाबून धरलं तर ही पायरी लागते. घाईत नुसतं दाबलं तर हजारच्या हजार ल्युमेन बाहेर पडतात. कधी मध्यरात्री आबांच्या गोठ्यातून वीज चमकल्यागत लख्ख उजेड येतो आणि पाठोपाठ शिव्या ऐकू येतात. शेजारी कूस बदलतात. बटण चुकलं, एवढं त्यांना कळतं.

खालच्या पायरीवर बॅटरी सलग महिनाभर चालते, असं आबा पाहुण्यांना सांगतात. "सलग महिनाभर लावायचीय कोणाला?" असं एकानं विचारलं होतं. आबा म्हणाले, "लावायची गोष्ट नाही, पुरायची आहे."

हे 'पुरायचं' कुठून आलं ते समजण्यासारखं आहे. या पिढीनं लहानपणी रात्री कंदिलाची वात बारीक करून ठेवलेली पाहिली. पहाटे पुन्हा मोठी करायची, तर रॉकेल उरलं पाहिजे. मग पत्र्याची तीन सेलांची बॅटरी आली. सेल उतरले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-चार रात्री निघायच्या. 2005 नंतर काही वर्षं दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं. शहरातल्या माणसाला अंधार म्हणजे बिघाड वाटतो. आबांना उजेड हाच पाहुणा, आणि पाहुण्याला किती राबवायचं याला रीत असते.

शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत हळदीला पाणी द्यायचं म्हणजे काय, हे ज्यानं दिलं त्यालाच ठाऊक. बाकीचे शेतकरी या पाळीला शिव्या देतात. आबा वाट बघतात. दुपारीच डीपीची चौकशी होते, संध्याकाळी जेवण लवकर, आणि निघण्याआधी अर्धा तास ओट्यावर डोळे मिटून बसणं. बघणाऱ्याला वाटतं नामस्मरण चाललंय. चाललेलं असतं रोडॉप्सिन.

एक मात्र मान्य केलं पाहिजे, अंधारात चालायचं त्यांचं तंत्र अस्सल आहे. ते बॅटरी कपाळाला बांधत नाहीत. डोळ्यांजवळून निघालेल्या उजेडात सावल्या वस्तूंच्या मागंच लपतात आणि सगळी जमीन सपाट वाटते. आबा बॅटरी गुडघ्याखाली धरतात, आडवी. मग प्रत्येक ढेकळाची सावली लांब पडते, खड्डा काळा होऊन समोर येतो, आणि अर्ध्या ल्युमेनमध्ये सरी-वरंबा वाचता येतो. दुसरं तंत्र अवघड आहे. डोळ्याच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, त्यामुळं मंद वस्तूकडं सरळ पाहिलं की ती नाहीशी होते. थोडं बाजूला पाहिलं की दिसते. तारे बघणारे हे नेहमी करतात. आबा माणसांच्या बाबतीतही करतात. रात्री ते तुमच्याशी बोलतात तेव्हा तुमच्या कानाच्या बाजूला बघतात. सोयरीक ठरवायला आलेल्या मंडळींपैकी एक म्हातारी बोलणी चालू असताना सारखी मागं वळून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "माझ्या मागं कोण उभंय हो?"

तिसरं तंत्र त्यांनी सोडावं असं घरच्यांचं मत आहे. समोरून गाडी आली की आबा एक डोळा झाकतात. एका डोळ्याची कमाई गेली तर गेली, दुसऱ्याची राहते. शास्त्राला धरूनच आहे. पण जीपमधून येणाऱ्या माणसाला दिसतं ते एवढंच, की रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला एक वयस्कर गृहस्थ आपल्याला डोळा मारतोय.

मध्यंतरी त्यांनी लाल उजेडाचा नाद केला होता. गडद लाल रंग दंडपेशींना जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्यानं डोळ्याची कमाई मोडत नाही, हेही खरंच. आबांनी बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद चिकटवला. वेळ चुकली. तो 2024 चा पावसाळा होता आणि मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनची अफवा गावोगाव फिरत होती. पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. त्यांना तुरीच्या पट्ट्यातून, जमिनीपासून फूटभर उंचीवर, एक लाल ठिपका सावकाश सरकताना दिसला. पंधरा-वीस जणांनी घेराव घातला आणि सगळ्यांनी एकदम मोबाईल रोखले. मधोमध आबा, दोन्ही डोळ्यांवर हात. मारायचं सोडून पोरं विचारायला लागली, "आबा, लागलं का कुठं?" आबांनी हात न काढता सांगितलं, "एकेकानं नाव सांगा. लिहून ठेवायचंय."

घरात मात्र त्यांचं राज्य चालत नाही. काकूंनी स्वयंपाकघरात चार्जिंगचा बल्ब लावलाय, लाईट गेली तरी तो जळत राहतो. तो बिघडला त्या रात्री आबांनी आपली बॅटरी छताकडं तोंड करून ठेवली आणि म्हणाले, "बघ, सगळीकडं सारखा उजेड." काकू म्हणाल्या, "अहो, भाकर भाजली का करपली ते मला वासावरनं ओळखावं लागायलंय." त्या रात्री आबांनी भाजी समजून ठेच्याचा मोठा घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण तत्त्वासाठी त्यांनी ते दिसू दिलं नाही; अर्ध्या ल्युमेनमध्ये ते अवघडही नव्हतं. पाहुण्यांचे हाल तर विचारू नका. रात्री परसात जायचं म्हणून पाहुणा उठतो, आबा वाट दाखवायला पुढं होतात. दहा पावलांवर पाहुणा धडपडतो आणि म्हणतो, "आबा, बॅटरी लावा ना." आबांचं उत्तर ठरलेलं, "लावलेलीच आहे."

हळदीच्या हंगामात खरी परीक्षा. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात माल न्यायचा तर बाहेर वाहनांची रांग लागते आणि रात्र रस्त्यावर काढावी लागते. मागं ट्रॅक्टर, पुढं टेम्पो, सगळ्यांचे दिवे चालू. आबा पोत्यांच्या थप्पीत डोक्यावर गोणपाट घेऊन बसतात. आडत्यांनी भाव काय सांगितला ते सकाळी घरचे विचारतात; आबा आधी रात्री किती मिनिटं गेली ते सांगतात.

या माणसाला जिल्ह्याचा अभिमान कशाचा असेल? औंढ्याचा नागनाथ आहे, नर्सीचे नामदेव महाराज आहेत. आबांचा अभिमान औंढ्याजवळच्या दुधाळ्याचा. तिथं लायगो-इंडिया होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत लेसर, आणि अवकाशातून आलेल्या गुरुत्वीय लहरींनी त्या भुजांची लांबी प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी अंतरानं बदलली तर ते टिपायचं. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 2,600 कोटी रुपये मंजूर केले. आबांचं म्हणणं, सगळा देश सोडून शास्त्रज्ञ इथंच का आले? कारण बारीक बघायची रीत इथल्या माणसांत आहे. दुधाळ्याच्या पंचक्रोशीतले रस्त्यावरचे दिवे काढावेत म्हणून त्यांनी अर्जही लिहायला घेतला होता. एका मास्तरांनी समजावलं, "आबा, त्या यंत्राला उजेडाचं काही नाही, जमिनीच्या हादऱ्यांचा त्रास होतो." आबांनी अर्ज फाडला नाही. 'दिवे' खोडून तिथं 'डीजे' लिहिलं. त्या अर्जावर मीही सही करायला तयार आहे.

इथवर आबांची बाजू मी घेतली, कारण डोळ्याच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. सापाच्या बाबतीत नाही. मण्यार रात्री फिरते. काळपट अंग, त्यावर पांढरे बारीक पट्टे, आणि चावा इतका हलका की कधी कधी चावल्याचंही कळत नाही. हळदीचा पाला कमरेला लागतो, खाली गारवा, उंदीर, बेडूक. सापाला आणखी काय पाहिजे? त्यात ठिबकच्या काळ्या नळ्या. अर्ध्या ल्युमेनमध्ये प्रत्येक नळी साप दिसते. काही दिवसांनी माणूस या भीतीला सरावतो, आणि मग प्रत्येक साप नळी दिसायला लागतो. हे दुसरं जास्त वाईट.

आबांचं तेच झालं. पुतण्याला घेऊन ते पाणी बघायला गेले होते. वाटेत नळी आडवी पडलेली. "कोणी उपसून टाकली बे ही?" म्हणत आबा वाकले आणि हात घालणार, एवढ्यात नळी सरकली. पुतण्यानं मोबाईलचा सगळा उजेड त्या जागेवर ओतला. सहा-सात फुटांची धामण होती, बिनविषारी. ती आपल्या वाटेनं पाल्यात शिरली. पोरगं थरथरत उभं. आबाही काही क्षण गप्प होते. मग उजेडाकडं पाठ करून म्हणाले, "बिनविषारीच होती ना? मग वीस मिनिटं कशाला घालवली माझी?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेतले आणि वेताची जाड काठी. आता ते काठी आपटत चालतात, कारण सापाला जमिनीची कंपनं जाणवतात. ही सुधारणा मोठी आहे, आणि तिचं श्रेय ते धामणीला देतात, पुतण्याच्या उजेडाला नाही. पुतण्यानं सौर कृषी पंपाचा अर्ज भरलाय. पंप बसला की पाणी दिवसाच देता येईल, रात्रीच्या पाळीची कटकट संपेल. घरात सगळे खूश आहेत. आबांनी कागदावर सही केली खरी, पण "ढगाळ वातावरण असलं तर?" असं चारदा विचारून.

तर मंडळी, घरात, अंगणात, लेकरू झोपलेल्या खोलीत आबांची पद्धत जरूर वापरा. झोपमोड होत नाही आणि डोळ्यालाही बरं. पण पिकात शिरताना पायात बूट, हातात काठी आणि जोराचा उजेड घ्या, आणि साप चावलाच तर मांत्रिक-बिंत्रिक न करता तडक सरकारी दवाखाना गाठा. सोबत आबा असतील तर बॅटरी लावायच्या आधी मोठ्यानं खोका. एक डोळा झाकायला त्यांना तेवढा वेळ पुरतो.