बिनटेकूची फळी

विठ्ठलवाडीच्या नव्या इमारतींत स्टीलच्या मांडणीला हद्दपारीची नोटीस लागली आहे. तिच्या जागी येते तरंगती लाकडी फळी. खाली टेकू नाही, बाजूला खिळा दिसत नाही. शेजारी उल्हासनगरचा फर्निचर बाजार असल्यावर हौसेला अंतर कसले!

तरंगण्याचे श्रेय फळी घेते, भार वाहतात भिंतीत गाडलेल्या लोखंडी सळ्या. फळी जितकी रुंद आणि डबा जितका पुढच्या कडेला, तितकी सळई भिंतीतून उपटून यायला बघते. त्यात भिंत सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची आणि प्लग साधा प्लास्टिकचा असला, तर देवावर भरवसा.

कॅटलॉगातल्या फळीवर दोन कप आणि एक मनीप्लांट असतो. आपल्या फळीवर तेलाचा पाच किलोचा डबा, वर्षाचे तिखट, गोडा मसाला आणि रुखवतातला पितळी खलबत्ता. महिनाभरात फोडणीचा चिकट थर चढतो. उंची सागवानावर मग वर्तमानपत्र अंथरले जाते.

पावसाळ्यात फळी पुढे झुकते. सुतार येतो, मान हलवतो आणि खाली दोन त्रिकोणी टेकू ठोकतो. टेकू लपवण्याचे पैसे आधी दिलेले असतात. दाखवण्याचे बिल वेगळे.